घरातले दुःख रेडिओवर आले की गाव काय ऐकते?

संध्याकाळची वेळ आहे. सोयाबीनची सोंगणी आटोपून माणसे घरी परतली आहेत, चुलीवर भाकरी आहे आणि सपरीतल्या खुंटीला टांगलेल्या रेडिओवर, किंवा आता बहुतेक घरांत मोबाइलवर, एक कार्यक्रम सुरू आहे. लहान मुलांना त्रास देणारे माणूस बहुतेक वेळा ओळखीचे, घरातले किंवा नात्यातले असते, असे निवेदिका सांगते आणि एवढे वाक्य कानावर पडताच घरातले कोणीतरी मोठे माणूस उठून आवाज कमी करते. त्यावर कोणी काही बोलत नाही आणि मुलांनाही काही सांगितले जात नाही. विदर्भातल्या खेड्यांत कुटुंबातील बालअत्याचारावरच्या रेडिओ कार्यक्रमांकडे लोक कसे पाहतात, हे समजून घ्यायचे असेल तर सुरुवात त्या आवाज कमी करणाऱ्या हातापासून करावी लागते. कार्यक्रम तयार करणाऱ्यांना त्या हातामागे अज्ञान दिसते. मला तिथे मुख्यतः भीती दिसते. अज्ञानावर माहितीचा उपाय चालतो, भीतीवर तेवढ्याने भागत नाही.

आधी शब्दाचा प्रश्न सोडवला पाहिजे, कारण निम्मा गैरसमज तिथेच होतो. मराठी वर्तमानपत्रांनी ‘अत्याचार’ हा शब्द बलात्काराच्या अर्थाने इतका रूढ केला आहे की ‘मुलांवरील अत्याचार’ असे ऐकताच श्रोत्याच्या मनात एकच भयंकर चित्र उभे राहते आणि ‘असे आपल्या घरात नाही’ म्हणून तो मोकळा होतो. अभ्यासक मात्र या विषयात चार गोष्टी धरतात: शारीरिक मारहाण, मानसिक छळ, लैंगिक शोषण आणि हेळसांड. ज्या घरात मुलाला बैलाच्या कासऱ्याने मारले जाते, ज्या घरात मुलीला ‘तू जन्मलीस तेव्हापासून घराला साडेसाती लागली’ असे रोज ऐकावे लागते, त्या घरातली माणसे हा कार्यक्रम आपल्याबद्दल आहे असे समजतच नाहीत. म्हणून ‘अत्याचार’ हा एकच शब्द वापरणारा कार्यक्रम बऱ्याच घरांपर्यंत पोहोचूनही पोहोचत नाही. उलट ‘लेकराला घरात कोणाची भीती वाटते का?’ हा साधा प्रश्न प्रत्येक घराला लागू पडतो आणि तो विचारल्याने कोणाचा अपमानही होत नाही.

या भीतीची व्याप्ती केवढी आहे, याचा अंदाज एका सरकारी अभ्यासावरून येतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये 13 राज्यांतील अभ्यास प्रसिद्ध केला. त्या राज्यांत महाराष्ट्रही होता आणि 5 ते 18 वर्षे वयाच्या 12,447 मुलांशी त्यात बोलणे झाले होते. दर तीन मुलांपैकी दोघांनी मारहाण सोसली होती आणि घरात मार खाणाऱ्या मुलांपैकी 88.6 टक्के मुलांना मारणारे त्यांचे आईवडीलच होते. लैंगिक अत्याचाराचा एक किंवा अधिक प्रकार अनुभवल्याचे 53.22 टक्के मुलांनी सांगितले, त्यात मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या जागी असलेले होते आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाच सांगितलेली नव्हती. हे आकडे खेड्यातल्या श्रोत्याला ऐकवावेत का, याविषयी मला शंका आहे. मोठा आकडा ऐकला की तो दुसऱ्या कुठल्या तरी मुलखाचा वाटतो. पण कार्यक्रम करणाऱ्याने ते मनात ठेवलेच पाहिजेत, कारण आपण एखाद्या विरळा प्रसंगाबद्दल बोलत नाही, ऐकणाऱ्यांमध्येच ज्यांच्यावर हे गुजरले आहे अशी माणसे बसलेली आहेत, हे त्यावरून कळते.

आता रेडिओचे वेगळेपण पाहू. विदर्भाला गोष्टीतून दुःख पाहण्याची जुनी सवय आहे. झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्ररात्र नाटके चालतात, देसाईगंज-वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरतात आणि रंगमंचावरचा दुष्ट काका पाहून बाया पदराने डोळे पुसतात. त्या काकावर कोणी आक्षेप घेत नाही. मग रेडिओवरचाच काका का खटकतो? एक कारण असे की नाटकाला आपण जातो आणि रेडिओ आपल्या घरात येतो. नाटकातला काका नाटकातल्या मुलीला छळतो, रेडिओवरची निवेदिका मात्र ‘तुम्ही’ म्हणून बोलते आणि तेही सासरा, सून, जावई, नातवंडे एकाच खोलीत बसलेली असताना. ज्या घरात पती-पत्नीही वडीलधाऱ्यांसमोर एकमेकांशी मोकळे बोलत नाहीत, तिथे शरीराच्या खाजगी भागांविषयीचे एक वाक्य सगळ्यांच्या मधोमध येऊन पडते. आवाज कमी करणारा हात पुष्कळदा या संकोचामुळे पुढे होतो. त्याला थेट गुन्हेगाराचा हात समजणे अन्यायाचे होईल, जरी कधी कधी तो तसा असतोही.

संकोचापलीकडचे आक्षेप मात्र स्पष्ट शब्दांत येतात. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण अशा वेळी हमखास निघते आणि तिच्यामागे हिशेब असतो. मुलीची बाब गावात पसरली तर तिचे लग्न जमणार नाही, धाकट्या बहिणीचेही अडेल, भावकी बोलणे बंद करील. दुसरा आक्षेप वऱ्हाडीत असा येतो: ‘पोट्ट्यायले नाही ते सुचते’. म्हणजे मुलांना जे माहीत नाही ते आपणच शिकवतो, ही काळजी. ती काळजी करणाऱ्याला झिडकारू नये, पण उत्तर स्पष्ट द्यावे. ज्या मुलावर हे आधीच घडते आहे, त्याला कार्यक्रम नवे काही शिकवत नाही. त्याला फक्त सांगण्यासाठी शब्द मिळतात, आणि शब्द नसलेले मूल पोट दुखते, शाळेत जायचे नाही, मामाकडे झोपायचे नाही, एवढेच म्हणू शकते.

‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ ही रेडिओवर नेहमी येणारी जोडी इथे अपुरी पडते. घरातला माणूस मुलाला खाऊ देतो, मांडीवर घेतो, लाड करतो आणि त्याच लाडात हळूहळू मर्यादा ओलांडतो. मुलाला तो स्पर्श लगेच वाईट वाटेलच असे नाही आणि पुढे कळल्यावर ‘मला तेव्हा वाईट वाटले नाही, म्हणजे चूक माझीच’ असे ते मनाशी धरून बसते. त्यापेक्षा ‘कोणी तुला काहीही गुपित ठेवायला सांगितले तर ते आईला किंवा विश्वासाच्या माणसाला सांग’ हे वाक्य अधिक कामाचे आहे, कारण त्यात मुलाने स्पर्शाची परीक्षा करायची नाही, फक्त गुपित ओळखायचे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे आणि कार्यक्रमांत त्याचेच उत्तर सर्वांत कमी वेळा मिळते: कमावते माणूस तुरुंगात गेले तर घर कोण चालवणार? कापसाच्या वेचणीवर जाणारी आई, डोक्यावर कर्ज, शेत नवऱ्याच्या नावावर. अशा घरात ‘बोला, गप्प राहू नका’ एवढाच सल्ला देणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला नदीत उतर म्हणण्यासारखे आहे. बोलल्यानंतर काय होते, हे क्रमाने सांगितले तरच भीती थोडी उतरते.

तो क्रम असा आहे. 18 वर्षांखालील मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, ज्याला सर्वत्र पॉक्सो म्हणतात, 2012 मध्ये झाला आणि त्याच वर्षी 14 नोव्हेंबरपासून लागू झाला. अत्याचार करणारा रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तक नात्यातला असेल, तर हा कायदा गुन्हा अधिक गंभीर धरतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने घ्यायचा, तेव्हा अंगावर गणवेश असू नये आणि मुलाला कोणत्याही कारणाने रात्री पोलीस ठाण्यात ठेवू नये, असे त्यात लिहिले आहे. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. पोलिसांनी 24 तासांच्या आत मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीला कळवायचे असते आणि आरोपी त्याच घरात राहत असेल तर मुलाला घराबाहेर हलवण्याची गरज आहे का, हे समिती तीन दिवसांत ठरवते. म्हणजे तक्रार केली की मूल हिरावून नेतात, हा समज चुकीचा आहे. मूल जिथे सुरक्षित राहील ती जागा शोधणे हे समितीचे काम आहे आणि ती जागा आजीचे घरही असू शकते. आर्थिक मदतीसाठी महाराष्ट्रात 2013 पासून मनोधैर्य योजना आहे. या योजनेचे नाव प्रत्येक कार्यक्रमात यायला हवे, कारण ‘घर कसे चालेल’ या प्रश्नाच्या ती सर्वांत जवळ जाते.

मारहाणीची गोष्ट निराळी आहे. शाळेत मुलाला मारण्यास 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली. घरासाठी तशी सरळ मनाई नाही, पण आपल्या ताब्यातील मुलाला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक यातना होतील असे वागवणाऱ्याला 2015 च्या बालन्याय कायद्याच्या कलम 75 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खेड्यात हे सांगितले की ‘आता लेकराले समजावाचं बी नाही का?’ असा प्रश्न येतो. मला वाटते की अशा वेळी कायद्याच्या धाकापेक्षा त्या बापाच्या स्वतःच्या आठवणीला हात घातलेला बरा. मार खाल्ल्याचे दुखणे त्यालाही ठाऊक असते.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो: अशा कार्यक्रमांनी लोकांचे मत बदलते का? मुलाला छळणे वाईट, हे मत बहुतेकांचे आधीपासूनच असते, त्यामुळे त्यात फारसा बदल होत नाही. बदलतो तो दुसऱ्यांविषयीचा अंदाज. ‘मी बोललो तर गाव माझ्या बाजूने उभे राहील की मलाच नावे ठेवील?’ या प्रश्नाचे उत्तर माणूस सतत मनात मोजत असतो आणि रेडिओ ते माप हलवू शकतो. रवांडामध्ये वंशसंहारानंतर लोकांत सलोखा वाढावा म्हणून एक रेडिओ मालिका सुरू झाली. संशोधक एलिझाबेथ पालक यांनी वर्षभर काही गटांना ती आणि काही गटांना आरोग्यावरची दुसरी मालिका ऐकवून तुलना केली. श्रोत्यांच्या स्वतःच्या श्रद्धा फारशा बदलल्या नाहीत. ‘आपल्या समाजात लोक काय योग्य मानतात’ याविषयीचा समज आणि काही प्रमाणात वागणूकही बदलली. तो विषय वेगळा होता, हे विसरून चालणार नाही, पण ती वाट आपल्या विषयालाही लागू आहे.

दुसरा प्रयोग मेक्सिकोतील ओआहाका राज्यातल्या एका डोंगराळ गावचा आहे आणि तो वाचताना मला आपल्या ग्रामपंचायतीचा भोंगा आठवतो. स्त्रियांवरील हिंसेविरुद्धची एक श्राव्य मालिका गावातल्या काही भागात ध्वनिक्षेपकावरून ऐकवली गेली आणि काही लोकांना ती एकट्याने ऐकण्यासाठी सीडीवर दिली गेली. एकट्याने ऐकणाऱ्यांवर फारसा परिणाम झाला नाही. ध्वनिक्षेपकाच्या टप्प्यात असलेल्यांमध्ये हिंसेचा विरोध वाढला, कारण प्रत्येकाला ठाऊक होते की आपण जे ऐकतो आहोत ते शेजाऱ्यानेही ऐकले आहे आणि आपण ऐकले हे त्यालाही ठाऊक आहे. हिंसा पुढे कमी होईल ही आशा मात्र त्याच लोकांत थोडी घटली. याचा अर्थ मी असा लावतो की प्रश्न उघडा झाला की तो किती खोल आहे हे दिसते आणि माणूस काही काळ खचतो. कार्यक्रमानंतर गाव उदास झाले तर तो फसला असे लगेच ठरवू नये.

हे तत्त्व विदर्भाला परदेशी अभ्यासातून शिकायला नको होते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात 1876 मध्ये जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात लोकांना ‘देवापुढे बकरे कापावे का?’ असे प्रश्न विचारत आणि समोरची सगळी माणसे एका आवाजात उत्तर देत. हजार माणसांनी एकदम दिलेले ‘नाही’ हे प्रत्येकाने इतरांच्या तोंडून ऐकलेले असे. दुसऱ्या दिवशी देवापुढे बकरे कापायला निघालेल्या माणसाला शेजाऱ्याचे मत माहीत नाही, असे म्हणायची सोय उरत नसे. आकाशवाणीचे नागपूर केंद्र 1948 पासून आहे, अकोला, चंद्रपूर, यवतमाळ येथेही केंद्रे आहेत, ऐकणारे कान कमी नाहीत. पण एकेका घरात, कमी आवाजात, एकेकट्याने ऐकलेला कार्यक्रम कीर्तनासारखे काम करू शकत नाही. महिला बचत गटाच्या बैठकीत तोच भाग सगळ्यांनी मिळून ऐकला आणि नंतर पंधरा मिनिटे बोलणे झाले तर त्याचा अर्थच बदलतो. शिवाय सासऱ्यासमोरचा संकोच तिथे नसतो.

बोलणाऱ्याला गाव काय म्हणेल, ही भीती केवळ घरच्यांना असते असे नाही. शेजारणीला रडणे ऐकू येते, तीही गप्प राहते, कारण ‘दुसऱ्याच्या घरात नाक खुपसते’, ‘चुगल्या करते’ असा शिक्का तिला नको असतो. युगांडातील 112 खेड्यांत 2016 मध्ये स्त्रियांवरील हिंसेबद्दलच्या लहान चित्रफिती दाखवून हीच गोष्ट तपासली गेली. हिंसेविषयीची मते फारशी हलली नाहीत, पण पुढे होऊन सांगण्याची स्त्रियांची तयारी वाढली, कारण सांगणारीला चुगलखोर ठरवले जाईल ही धास्ती कमी झाली होती. आपल्याकडच्या शेजारणीला हेही सांगायला हवे की पॉक्सो कायद्यात असा गुन्हा माहीत झाल्यावर कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कोणतीही कायदेशीर जबाबदारी येत नाही. न कळवल्याबद्दल मुलाला मात्र शिक्षा होत नाही.

कार्यक्रमांवरचा लोकांचा विश्वास ज्या एका गोष्टीने कायमचा जाऊ शकतो, ती म्हणजे ओळख फुटणे. पॉक्सोचे कलम 23 प्रसारमाध्यमांना मुलाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाची माहिती, शाळा, परिसर किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील देण्यास मनाई करते आणि मोडल्यास किमान सहा महिने ते एक वर्ष कैद, दंड किंवा दोन्ही सांगते. मोठ्या केंद्रासाठी नाव बदलणे पुरेसे असेल. सामुदायिक रेडिओचा टप्पा मात्र साधारण 10 ते 15 किलोमीटरचा असतो आणि एवढ्या परिघात ‘धरणाजवळच्या गावातली, आठवीतली, जिचे वडील ट्रॅक्टर चालवतात ती मुलगी’ एवढे म्हटले की नाव उच्चारण्याची गरजच उरत नाही. आवाज बदलला तरी बोलण्याची लकब ओळखू येते. म्हणून जवळच्या केंद्रावर खरी घटना सांगूच नये, असे माझे ठाम मत आहे. कल्पित गोष्ट रचावी आणि ती कल्पित आहे हे आधीच स्पष्ट सांगावे. नाहीतर गाव कार्यक्रम ऐकत नाही, ‘ही कोणाची गोष्ट आहे’ याचा शोध घेत बसते, आणि त्या शोधात एखाद्या निरपराध घरावर बोट रोखले जाते.

आईविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण अशा कार्यक्रमांत नकळत तिच्यावरच सगळा भार टाकला जातो. ‘आयांनो, मुलांकडे लक्ष द्या’ हे वाक्य सकाळी सातला निंदणाला जाणाऱ्या बाईला आरोपासारखे ऐकू येते. लेकराला कोणाकडे तरी सोपवल्याशिवाय तिला मजुरीला जाता येत नाही, आणि ज्याच्याकडे सोपवते तो घरचाच असतो. दोष देणाऱ्या कार्यक्रमाकडे ती पुन्हा वळत नाही, आणि मूल बहुधा प्रथम तिलाच सांगणार असते. मूल बोलू लागले तर तिने काय करावे, हे चार वाक्यांत सांगता येते: मध्ये तोडू नकोस, ‘तू तेव्हाच का नाही सांगितलेस’ असे विचारू नकोस, ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे’ असे म्हण, आणि त्या माणसाला त्याच रात्री जाब विचारायला धावू नकोस, आधी मदत गाठ.

मदतीचा क्रमांक 1098 आहे. मुलांसाठीची ही मोफत, चोवीस तासांची सेवा 1996 मध्ये मुंबईत सुरू झाली आणि 2023 पासून ती सरकारी यंत्रणेकडे घेऊन 112 या आपत्कालीन क्रमांकाशी जोडण्यात आली. कार्यक्रमांत हा क्रमांक शेवटी, संगीत सुरू होता होता, घाईने एकदा सांगितला जातो, आणि तोपर्यंत आवाज कमी झालेला असतो. तो सुरुवातीला सांगावा, गोष्टीच्या मधे एखाद्या पात्राच्या तोंडी यावा, एकेक अंक सुटा उच्चारावा: एक, शून्य, नऊ, आठ. पुष्कळ घरांत फोन एकच असतो आणि तो ज्याची भीती वाटते त्याच्याच खिशात असतो. म्हणून क्रमांकासोबत अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, शाळेतल्या बाई यांची नावे घ्यावीत, कारण त्यांच्याकडे जायला मुलाला फोन लागत नाही आणि तिथे गेलेले मूल पाहून कोणाला काही वेगळे वाटत नाही.